निर्जीव मानलेली तार

गेल्या उन्हाळ्यात महाविद्यालयातील आमच्या खोलीचा पंखा बंद पडला. वायरमन शिडी घेऊन आले तेव्हा आम्ही मोठ्या तत्परतेने भिंतीवरील बटण बंद केले आणि त्यांस निःशंक मनाने काम सुरू करण्यास सांगितले. आमच्याहून वयाने चार-पाच वर्षे वडील असलेल्या त्या गृहस्थांनी मान डोलावली, परंतु आमच्या शब्दावर ते विसंबले नाहीत. खिशातला टेस्टर काढून प्रथम त्यांनी तो शेजारच्या चालू सॉकेटला लावून त्यातील दिवा पेटतो ना, हे पाहिले. नंतर शिडीवर चढून तो पंख्याच्या तारेस लावला. बटण बंद असूनही दिवा पेटला! पूर्वी कोणीतरी जोडणी करताना बटण वीज आणणाऱ्या तारेवर न बसविता परतीच्या तारेवर बसविले होते. पंखा थांबत असे खरा, पण वीज त्याच्यापर्यंत येऊन उभीच राहत असे. "सर, राग मानू नका," मुख्य स्विचकडे जाता जाता ते म्हणाले, "बटणावर भरवसा ठेवून आमच्या ओळखीतले दोघे गेले."

राग येण्याचे कारणच नव्हते. लाज मात्र वाटली. आम्ही त्या मनुष्यास पूर्ण सद्भावनेने मृत्यूच्या दारात पाठवीत होतो, आणि तीस वर्षांचे आमचे अध्यापन व ग्रंथवाचन त्या कामी काडीइतकेही उपयोगी पडले नसते. विद्युच्छास्त्राचे इतिहास आम्ही तरुणपणापासून आवडीने वाचीत आलो आहो. त्यांत फ्रँकलिन येतो, व्होल्टा येतो, फॅरडे आणि एडिसन येतात. ज्यांनी प्रत्यक्ष तार हातात धरली ती माणसे मात्र सहसा येत नाहीत. तथापि विजेच्या सान्निध्यात काम करताना जीव कसा राखावा, हे जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याचा बराच मोठा भाग या अनामिकांच्या मरणातून निघाला आहे. त्या ज्ञानाची वाटचाल येथे थोडक्यात पाहावयाची आहे.

अठराव्या शतकात विजेचा धक्का हा एक करमणुकीचा प्रकार होता. लायडन येथील मुशेनब्रुक याने १७४६ च्या आरंभी पाण्याच्या बाटलीत साठविलेल्या विजेचा झटका स्वतः अनुभवला, आणि फ्रान्सचे राज्य देऊ केले तरी हा अनुभव पुन्हा घेणार नाही, अशा अर्थाचे पत्र पॅरिसला धाडले. परिणाम उलटाच झाला. त्याच वर्षी नोले नावाच्या पाद्र्याने पंधराव्या लुईसमोर एकशेऐंशी शिपाई हातात हात गुंफून उभे केले आणि सर्वांस एकाच क्षणी उडविले. राजा हसला, दरबार हसला. त्या साखळीतील शिपायांस काय वाटले, ते विचारण्याची कोणास आवश्यकता वाटली नसावी.

हे हसू सात वर्षे टिकले. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतील पंडित रिखमन याने आपल्या घराच्या छपरावर लोखंडी गज उभारून त्याची तार खोलीत आणली होती व तिच्या टोकाशी विजेचे मान दाखविणारे एक यंत्र जोडले होते. नव्या गणनेप्रमाणे ६ ऑगस्ट १७५३ रोजी अकादमीची सभा चालू असता ढगांचा गडगडाट ऐकू येताच तो घराकडे धावला. यंत्राचे चित्र काढण्यासाठी अकादमीतील एका खोदकाम करणाऱ्या कारागिरास त्याने बरोबर घेतले होते. रिखमन यंत्रापासून सुमारे एक फुटावर उभा असता निळसर अग्नीचा एक गोळा गजापासून निघून त्याच्या कपाळावर आदळला. कपाळावर एक लहानसा तांबडा डाग पडला, डाव्या पायातील जोडा फाटला, आणि तो तेथेच गतप्राण झाला. दार बिजागऱ्यांतून उखडले गेले. कारागीर खाली कोसळला, पण वाचला.

या अपघाताचे कारण आज शाळेतील मुलासही सांगता येईल. रिखमनने आपला गज जमिनीशी जोडलाच नव्हता. विजेचे मोजमाप करावयाचे म्हणून तो मुद्दाम अलग राखिला होता. विजेस भूमीकडे जावयाचे होते, आणि त्या खोलीत तिला जवळची वाट रिखमनच्या देहातून होती. ज्यास आपण अर्थिंग म्हणतो त्याचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

मात्र यापुढील गोष्ट आम्हांस अधिक विचारात पाडते. १७६७ साली विजेचा इतिहास लिहिताना प्रीस्टलीने रिखमनचे मरण हेवा करण्याजोगे ठरविले. विज्ञानाच्या वेदीवरचा तो बळी होता. त्याचा सहकारी लोमोनोसोव्ह याने, जो त्याच वेळी आपल्या घरी तसाच प्रयोग करीत होता, आधी एका वजनदार सरदारास पत्र लिहून त्याच्या विधवेसाठी व मुलांसाठी निर्वाहवेतन मागितले. दोघांपैकी लोमोनोसोव्हची दृष्टी आम्हांस अधिक माणुसकीची वाटते, हे सांगून टाकतो.

पुढील शंभराहून अधिक वर्षे वीज प्रयोगशाळेत आणि तारायंत्राच्या तारेत राहिली. तेथे तिचे बळ बेताचे असे. ती रस्त्यावर आली तेव्हा तिचे रूप पालटले. कमानीच्या प्रखर दिव्यांना हजारो व्होल्ट लागत. १८७९ साली फ्रान्समधील लियाँ शहरी नाटकगृहातील एक सुतार विजेच्या तारेस लागून मेला; कारखानदारीच्या विजेचा पहिला बळी म्हणून त्याची नोंद सांगतात. १८८१ साली अमेरिकेत बफेलो येथे एका मद्यधुंद मनुष्याने वीजनिर्मितीच्या यंत्रास हात लावला व तो तात्काळ मेला. या दुसऱ्या मृत्यूची हकीकत तेथील एका दंतवैद्याच्या कानी गेली. यंत्राभोवती कठडा बांधावा, असे त्याच्या मनात आले नाही. गुन्हेगारांस फाशीऐवजी विजेने मारावे, असे आले! विजेच्या खुर्चीचा उगम हा असा आहे. एका माणसाच्या अपघातापासून राज्यसंस्थेने प्रथम शिकली ती मारण्याची युक्ती.

आता न्यूयॉर्ककडे वळू. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी पर्ल स्ट्रीटवरील आपले वीजघर सुरू केले. त्याचा प्रवाह एकदिश, सुमारे एकशेदहा व्होल्टांचा, आणि तारा रस्त्याखालून नेलेल्या. इतर कंपन्यांना एवढा खर्च व एवढा धीर नव्हता. त्यांनी उंच खांब रोवले आणि तारायंत्र, टेलिफोन, आगीची सूचना देणाऱ्या घंटा यांच्या ज्या तारा आधीच लोंबत होत्या, त्यांच्याच शेजारून उच्च दाबाच्या तारा ओढल्या. त्या काळची छायाचित्रे पाहिली तर आकाश दिसत नाही, जाळे दिसते. तारा जमिनीखाली न्याव्या असा कायदा १८८४ सालीच झाला होता. पण कंपन्या आणि मंडळे यांच्या ओढाताणीत तो कागदावर राहिला. मार्च १८८८ च्या प्रचंड हिमवादळाने शेकडो तारा तोडल्या, आणि पुढील महिन्यात तशा एका लोंबत्या तारेस धरून एक लहान मुलगा मेला.

११ ऑक्टोबर १८८९ हा दिवस शुक्रवार होता. तारायंत्र कंपनीचा कामगार जॉन फीक्स दुपारच्या सुमारास मॅनहटनमधील भर वस्तीत, नगरभवनाजवळच्या एका खांबावर चढला होता. त्याचे काम तारायंत्राच्या तारांवर होते. त्या कमी दाबाच्या, निरुपद्रवी, अशी त्याची व त्याच्या वरिष्ठांची समजूत होती. त्याने उजव्या उघड्या हाताने एक तार धरली. ती तार कित्येक गल्ल्या पलीकडे, त्याच्या दृष्टीच्या फार बाहेर, उच्च दाबाच्या तारेस कोठेतरी टेकली होती. वीज उजव्या हातातून शिरली आणि चढण्यासाठी घातलेल्या डाव्या पायाच्या पोलादी काट्यांतून बाहेर पडली. फीक्स जवळजवळ तत्क्षणी मेला असावा. पण त्याचा देह तारांच्या जाळ्यात अडकून ठिणग्या उडवीत, धुमसत, पाऊण तासाच्या आसपास तेथेच लोंबत राहिला. जेवणाच्या सुटीची वेळ होती. खाली हजारो लोक जमले. वर पाहत राहण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते. कारण त्याला हात कसा लावावा, वीज कोठून बंद करावी, हे कोणासच ठाऊक नव्हते. ती वीज कोणत्या कंपनीच्या तारेतून आली, हेही शेवटपर्यंत निश्चित झाले नाही.

शहर हादरले. त्याच्या विधवेसाठी खांबावर एक पेटी टांगण्यात आली व जाणारे-येणारे तीत नाणी टाकू लागले. आपल्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. फीक्सच्या पत्नीच्या वाट्यास त्या पेटीतील भूतदया आली. महापौरांनी धोकादायक तारा उतरविण्याचा हुकूम काढला, कंपन्यांनी न्यायालयातून मनाई आणली, आणि अखेर डिसेंबरात मनाई उठून खांबांवर कुऱ्हाडी पडल्या. त्या हिवाळ्यात न्यूयॉर्कचे अनेक रस्ते अंधारात होते.

येथपर्यंत सर्व ठीक. पण फीक्सच्या मरणातून जो प्रश्न निघावयास हवा होता, तो निघाला नाही. महिनाभरात एडिसनने 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या मासिकात लेख लिहिला. त्यात त्याचा रोख प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाऊस याच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर होता. तो प्रवाहच घातक, जमिनीखाली नेला तर घरांत मृत्यू नेईल, सबब तो बंदच करावा, असे त्याचे प्रतिपादन. डिसेंबरात वेस्टिंगहाऊसने त्याच मासिकात उत्तर दिले: ट्राम, गाड्या आणि गॅस यांनी शहरात विजेहून कितीतरी अधिक माणसे मरतात. दोघेही थोर पुरुष होते. दोघांच्याही लेखांत सत्याचा अंश होता. आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे बाजारपेठ होती, हे लपविण्यात अर्थ नाही. एडिसनच्या बाजूच्या एका गृहस्थाने तर वर्षभर आधीच जाहीर प्रयोगांत कुत्री मारून दाखविली होती. ६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्नच्या तुरुंगात केमलर नामक खुन्यास विजेच्या खुर्चीत बसविले. पहिला झटका पुरा न पडल्यामुळे दुसरा द्यावा लागला. रिखमनच्या मृत्यूचीच ती तारीख, हा योगायोग विलक्षण खरा, पण योगायोगच.

कोणता प्रवाह मारतो, यावर इतकी शाई खर्च झाली. फीक्स मेला तो प्रवाहाच्या जातीमुळे नव्हे. हाती धरलेली तार निर्जीव आहे, या समजुतीमुळे तो मेला. ती समजूत खरी की खोटी, हे चढण्यापूर्वी तपासण्याची रीत नव्हती, साधन नव्हते, आणि ती तपासून घेण्याची जबाबदारी कोणावरही नव्हती. हा साधा प्रश्न त्या वादाच्या धुराळ्यात हरवला.

माणूस विजेने मरतो म्हणजे नेमके काय होते, याचा उलगडाही हळूहळू झाला. जिनीव्हा येथील प्रेव्होस्त आणि बातेली या दोघांनी १८९९ साली दाखवून दिले की विजेच्या झटक्याने हृदयाचा ताल बिघडून त्याचे स्नायू नुसते थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. आणि त्याहून विस्मयकारक असे की, अधिक जोराचा दुसरा झटका ही थरथर थांबवू शकतो. हा दुसरा शोध जवळजवळ तीन दशके पडून राहिला. त्यास पुन्हा हात लागला तो तारकामगारांमुळे. १९२० नंतरच्या दशकात, आपली माणसे खांबांवर मरत आहेत हे पाहून वीज पुरविणाऱ्या कंपन्यांनी संशोधनास पैसा दिला, आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कौवेनहोवेन नावाचा विद्युत् अभियंता या कामास लागला. तो डॉक्टर नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९५८ साली त्याच्या प्रयोगशाळेतील एका तरुण सहकाऱ्याच्या असे लक्षात आले की झटका देण्याच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबून धरताच, वीज सोडण्यापूर्वीच, रक्तदाब थोडा चढतो. त्या एका निरीक्षणातून छाती बाहेरून दाबून हृदय चालते ठेवण्याची क्रिया निघाली व १९६० साली ती प्रसिद्ध झाली. आज रेल्वेच्या फलाटावर हृदयविकाराने कोसळलेल्या गृहस्थाची छाती कोणी दाबीत असेल, तर त्या ज्ञानाची मूळ किंमत खांबावरच्या माणसांनी मोजलेली आहे.

किती वीज घातक, याचे मापन कॅलिफोर्निया विद्यापीठातील डालझील याने केले. १९४० नंतरच्या दशकात त्याने स्वखुशीने पुढे आलेल्या १३४ पुरुषांच्या व २८ स्त्रियांच्या ओल्या हातांत तांब्याची तार देऊन प्रवाह हळूहळू वाढविला आणि कोठपर्यंत त्यांस ती सोडता येते हे पाहिले. हाताची मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंहून बळकट असतात. म्हणून एका मर्यादेपुढे माणसाची इच्छा असो वा नसो, मूठ आवळलीच जाते. विजेने माणसास धरून ठेवले, असे आपण म्हणतो. खरे पाहता त्याच्याच हाताने विजेस धरलेले असते. ही मर्यादा पुरुषांत सरासरी सोळा मिलिअँपिअर व स्त्रियांत साडेदहा आढळली. काहींच्या बाबतीत ती याहून बरीच खाली होती. आपल्या घरातील साठ वॉटचा जुना दिवा सुमारे दोनशेसाठ मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एका दिव्याच्या सोळाव्या हिश्शाइतकी वीज धडधाकट पुरुषास जखडून ठेवण्यास पुरेशी आहे. घरगुती विजेत फारसा जोर नसतो, असे म्हणणारांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

याच मापनाच्या पायावर डालझीलने पुढे १९६० नंतर, गेलेली वीज आणि परतलेली वीज यांची तुलना करून थोडीही तूट येताच पुरवठा तोडणारे उपकरण सिद्ध केले. तूट आली याचा अर्थ वीज भलत्या वाटेने, कदाचित कोणाच्या देहातून, जमिनीत जात आहे. त्याने ही मर्यादा पाच मिलिअँपिअर ठेविली. आपल्या घरांत ज्यास ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, त्यात ती सामान्यतः तीस असते, आणि डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पुरवठा तुटतो. परंतु दोन्ही तारा दोन हातांत धरणाऱ्यास या उपकरणाचा उपयोग नाही. त्याच्या देहातून गेलेली वीज दुसऱ्या तारेने परततेच, मग तूट कोठली?

१९६७ सालच्या जुलैमध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे घेतलेले एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. एका शिकाऊ तारकामगारास चार हजारांवर व्होल्टांचा धक्का बसला आहे. कमरेच्या पट्ट्यामुळे तो पडलेला नाही, खांबावर उलटा लोंबत आहे. आणि त्याचा सोबती खांबाला बिलगून त्याचे डोके एका हाताने सावरीत त्याच्या तोंडात श्वास भरीत आहे. तेथे छाती दाबणे शक्य नव्हते. नाडी लागेपर्यंत सोबत्याने श्वास देणे चालू ठेविले, मग त्यास खाली उतरविले, आणि तो वाचला. पुढे कित्येक वर्षे जगला. ते छायाचित्र टिपणाऱ्या मोराबितो यास पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. फीक्सच्या खांबाखालीही सोबती होतेच. त्यांचे प्रेम कमी होते असे कोण म्हणेल? काय करावे हे त्यांस कोणी शिकविले नव्हते, एवढेच.

आमच्या देशात वीज आली ती या साऱ्या घडामोडींच्या मधोमध. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि घाटाखाली उतरलेली ती वीज गिरण्यांच्या चात्यांपर्यंत पोहोचली. कायदाही बरोबरच आला; १९१० चा भारतीय वीज कायदा आणि पुढे १९५६ चे नियम. त्या नियमांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली व त्यांची २०२३ च्या नव्या विनियमांनी.

खांबावर चढण्याची जी शिस्त आपल्या लाइनमनांस शिकविली जाते, तिचा प्रत्येक टप्पा फीक्सच्या मरणाचे उत्तर आहे. आधी उपकेंद्रातून 'लाइन क्लिअर'चे परमिट घ्यावयाचे. स्विच उघडून त्यास कुलूप लावावयाचे व किल्ली स्वतःजवळ ठेवावयाची. टेस्टर आधी चालू तारेवर पारखून मग आपल्या तारेस लावावयाचा. आणि तार निर्जीव ठरल्यावरही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस ती जमिनीशी जोडावयाची. हे शेवटचे काम अनेकांस अकारण वाटते. पण समजा, वीज गेली म्हणून गावातील एखाद्या दुकानदाराने जनरेटर सुरू केला आणि घरची जोडणी बाहेरच्या तारेपासून तोडली नाही. त्याची वीज उलट वाटेने ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, तेथे तिचा दाब अकरा हजार व्होल्टांपर्यंत चढतो, आणि मैलभर दूरच्या खांबावर बसलेल्या माणसाच्या हातातील निर्जीव तार जिवंत होते. दुकानदार बिचारा आपल्या दुकानात दिवा लागला म्हणून खूश असतो. कित्येक गल्ल्या पलीकडे टेकलेली ती न्यूयॉर्कची तार आणि ही तार यांत आम्हांस तरी भेद दिसत नाही. पावसाळ्यात, रात्री दहा वाजता, खाली उभे राहून "अजून किती वेळ?" असे ओरडणाऱ्या सुशिक्षित मंडळींस (आम्हीही त्यांत होतो) वाटते की हा मनुष्य उगाच वेळ लावीत आहे. तो बहुधा दुसऱ्या बाजूची जोडणी करीत असतो.

१९५६ च्या नियमांत एक तरतूद अशी होती की विजेचा धक्का बसलेल्यास शुद्धीवर आणण्याच्या सूचना इंग्रजी किंवा हिंदीत, शिवाय जिल्ह्याच्या भाषेत, वीजघरात व उपकेंद्रात दिसेल अशा जागी लावाव्या. त्यामुळेच ते चौकटीतले तक्ते कचेऱ्यांतून व गिरण्यांतून सर्वत्र दिसत. पंख्याच्या प्रसंगानंतर आम्ही मुद्दाम महाविद्यालयाच्या मीटरच्या खोलीत गेलो. तक्ता होता. काचेवरील धूळ पुसली तेव्हा मराठी मजकूर स्वच्छ वाचता आला: एक मनुष्य पालथा पडला आहे आणि दुसरा त्याच्या पाठीवर बसून दोन्ही तळव्यांनी बरगड्या दाबीत आहे. ही शेफरची पद्धत, १९०३ सालची. १९६० नंतर तिचे काम संपले होते. आमच्या भिंतीवर मात्र ती साठ वर्षांहून अधिक काळ कामावर होती. आम्ही प्राचार्यांस चिठ्ठी लिहिली. पंधरा दिवसांनी नवा तक्ता आला, आणि तो टांगण्यास तेच वायरमन आले. खिळा ठोकण्याआधी भिंतीच्या आतून वायर गेली आहे काय, हे त्यांनी दोनदा पाहिले.